न सापडलेलं नाव

सोर्स कोडमधल्या नावांची सूची करणाऱ्या टूलमधले बग दुरुस्त करणं हे काम बाहेरून किरकोळ वाटतं. फंक्शनचं नाव काय, ते कोणत्या फाइलमध्ये आहे, कोणत्या ओळीवर आहे, एवढंच तर नोंदवायचं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस बर्कली युनिक्ससाठी केन अरनॉल्ड यांनी ‘सीटॅग्ज’ लिहिलं, तेव्हापासून या नोंदीचा सांगाडा फारसा बदललेला नाही. आधी नाव, मग टॅब, मग फाइल, पुन्हा टॅब, आणि शेवटी त्या ओळीपर्यंत नेणारा पत्ता. व्हीआय एडिटरमध्ये नावावर कर्सर ठेवून कंट्रोल आणि उजवा चौकटी कंस दाबला की थेट व्याख्येवर उडी जाते. इतक्या साध्या रचनेत बिघडण्यासारखं आहे तरी काय, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. या बगांवर काम करताना मात्र एक गोष्ट पुनःपुन्हा समोर येते, आणि तीच मला इथे नेटाने मांडायची आहे. अशा टूलमध्ये चुकीच्या नोंदीपेक्षा राहून गेलेली नोंद कितीतरी जास्त नुकसान करते, आणि कोणता बग आधी घ्यायचा, तो कसा दुरुस्त करायचा, टेस्ट कशी लिहायची, हे सगळं त्यावरून ठरवायला हवं.

पुस्तकाच्या शेवटी सूची असते. तिच्यात एखादं नाव चुकीच्या पानावर दाखवलं असेल तर वाचक ते पान उघडतो आणि चूक जागच्या जागी पकडतो. नावच गाळलं असेल तर त्या माणसाबद्दल पुस्तकात काही नाही असं धरून तो पुस्तक मिटतो. कोडच्या सूचीतही हेच घडतं. चुकीच्या ओळीवर उडी गेली तर डेव्हलपरला दोन सेकंदांत कळतं की हे ते नव्हे. तो मागे येतो आणि पुढची जुळणी बघतो. एडिटरने ‘सापडलं नाही’ म्हटलं की मात्र तो ते ‘अस्तित्वातच नाही’ असं वाचतो. मग त्याच कामाचं दुसरं फंक्शन लिहिलं जातं, किंवा जुनं फंक्शन आता कुणी वापरत नाही अशा समजुतीवर पुढचे निर्णय होतात. या चुकांचा बग रिपोर्ट कधीच येत नाही, कारण काही चुकलं आहे हे त्या माणसाला कळायला मार्गच नसतो. रिपोर्ट येतात ते बहुतेक दिसणाऱ्या चुकांचे. म्हणून नुसत्या रिपोर्टांच्या संख्येवरून प्राधान्य ठरवलं तर टूल हळूहळू चुकीच्या दिशेने सुधारत जातं.

नोंदी गळतात कशा, ते जरा जवळून पाहू. सीटॅग्जसारखं टूल कंपायलरसारखा संपूर्ण प्रोग्राम समजून घेत नाही. ते फाइल वरून खाली वाचत जातं, कंस मोजतं, स्ट्रिंग आणि कॉमेंट ओलांडतं, आणि आपण आत्ता फंक्शनच्या बाहेर आहोत की आत याचा हिशेब ठेवतं. सी भाषेत बाहेर दिसलेलं नाव म्हणजे व्याख्या आणि आत दिसलेलं म्हणजे वापर, अशी ढोबळ वाटणी. आता अशी फाइल घ्या जिच्यात ‘इफडेफ’च्या एका फांदीत फंक्शनची पहिली ओळ आणि उघडणारा महिरपी कंस आहे, ‘एल्स’च्या फांदीत त्याच फंक्शनची वेगळ्या पॅरामीटरची पहिली ओळ आणि आणखी एक उघडणारा कंस आहे, आणि ‘एंडइफ’नंतर दोघांचा मिळून सामायिक मजकूर व एकच बंद कंस. कंपायलरला यात काहीच अडचण नाही, कारण त्याच्यापर्यंत एकच फांदी पोचते. दोन्ही फांद्या वाचणारं टूल मात्र दोन कंस उघडलेले मोजतं आणि एकच बंद झालेला. त्या क्षणापासून त्याच्या हिशेबी आपण कायम फंक्शनच्या आत आहोत. खाली आणखी चाळीस फंक्शनं असतील तर चाळीसही गेली. टूल एरर देत नाही, थांबत नाही, निमूटपणे टॅग्ज फाइल लिहून मोकळं होतं.

हा प्रकार फक्त सीपुरता नाही. शेल स्क्रिप्टमध्ये दोन ‘लेस दॅन’ चिन्हं लागोपाठ आली की हिअरडॉक सुरू होतं, म्हणजे पुढे दिलेला शब्द एकटा एखाद्या ओळीवर येईपर्यंतचा सगळा मजकूर कोड नसून नुसती स्ट्रिंग असते. तीच दोन चिन्हं दुहेरी गोल कंसातल्या अंकगणितात आली तर तो डावीकडचा शिफ्ट ऑपरेटर. पार्सरने हा फरक केला नाही तर ‘एक शिफ्ट एन’ असं लिहिलेल्या ओळीनंतर तो ‘एन’ नावाच्या समाप्तीची वाट पाहत बसतो. ती समाप्ती कधीच येत नाही, आणि फाइलचा उरलेला सगळा भाग त्याच्या लेखी मजकूर होऊन जातो. जावास्क्रिप्टमध्ये तिरकी रेघ भागाकाराची असते आणि रेजेक्सचीही. आधीचं टोकन नाव, आकडा किंवा बंद कंस असेल तर भागाकार, आणि ऑपरेटर, स्वल्पविराम किंवा ‘रिटर्न’ असेल तर रेजेक्स, हा नियम बहुतेक ठिकाणी चालतो. पण ‘इफ’ची अट संपवणाऱ्या बंद कंसानंतरही रेजेक्स येऊ शकतो. त्या रेजेक्समध्ये एक अवतरणचिन्ह असलं की संपलंच. भागाकार समजून पुढे गेलेला पार्सर त्या चिन्हाला स्ट्रिंगची सुरुवात मानतो आणि पुढचं चिन्ह मिळेपर्यंत सगळं गिळतो. तिन्ही उदाहरणांत मूळ चूक एका अक्षराची किंवा एका कंसाची आहे, आणि नुकसान फाइलच्या शेवटापर्यंत पसरू शकतं. चुकीचा आकार आणि नुकसानीचा आकार यांचं असं व्यस्त प्रमाण हाच या टूलचा स्वभाव आहे.

त्यामुळे दुरुस्तीला बसल्यावर ‘हे वाक्य बरोबर कसं समजेल’ याच्या आधी दुसरा प्रश्न विचारायला हवा, की हे समजलं नाही तर टूल पुन्हा रुळावर कुठे येईल? डॅरेन हीबर्ट यांच्या एक्झ्युबरंट सीटॅग्ज या सुधारित सीटॅग्जने सीच्या बाबतीत याचं उत्तर फार आधी शोधलं होतं. व्याख्येच्या मध्येच ‘इफ’ची अट आली तर ते फक्त पहिली फांदी वाचायचं, ‘इफ शून्य’ असेल तर फक्त शेवटची. एवढं करूनही कंस जुळले नाहीत तर ती फाइल ते पुन्हा पहिल्यापासून वाचायचं, आणि या फेरीत अटीच्या फांद्यांमुळे हिशेब बिघडला की अगदी पहिल्या रकान्यात आलेला बंद महिरपी कंस म्हणजे ब्लॉकचा शेवट, असं धरायचं. सी भाषेच्या व्याकरणात असा नियम कुठेही नाही. तो माणसांच्या सवयीतून उचललेला आहे. सी लिहिणारे बहुसंख्य लोक फंक्शनचा शेवटचा कंस ओळीच्या सुरुवातीलाच ठेवतात. व्याकरण हातातून सुटलं तर निदान सवयीचा आधार घ्यावा, ही त्यामागची समज मला फार मोलाची वाटते. व्याकरणाच्या शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्याला ती तडजोड वाटेल, पण खालची चाळीस नावं वाचवण्याचं काम तीच करते.

मॅक्रोचा प्रश्न मात्र वेगळ्या जातीचा आहे. तिथे टूलने कितीही हुशारी केली तरी ती अपुरी पडते, कारण लागणारी माहिती त्या फाइलमध्ये नसतेच. लिनक्स कर्नलमध्ये ‘रीड’ हा सिस्टिम कॉल ‘सिस्कॉल डिफाइन थ्री’ या मॅक्रोने लिहिलेला आहे. कंसात आधी ‘रीड’ हे नाव, मग प्रत्येक पॅरामीटरचा प्रकार आणि नाव स्वल्पविरामांनी वेगळं केलेलं. ज्याला शोधायचं आहे तो ‘सिस अंडरस्कोअर रीड’ शोधणार, आणि ती अक्षरं त्या क्रमाने त्या ओळीवर कुठेच नाहीत. मॅक्रोची माहिती नसलेल्या टूलला ‘सिस्कॉल डिफाइन थ्री’ हेच फंक्शनचं नाव वाटलं तर नवल नाही. ही दुरुस्ती सीच्या पार्सरमध्ये घालायची का? माझं उत्तर स्पष्ट नकार आहे. कर्नलच्या लोकांनी ती योग्य जागी ठेवली आहे. त्यांच्या स्क्रिप्ट्स फोल्डरमध्ये टॅग्ज बनवणारी एक शेल स्क्रिप्ट आहे, आणि तिच्यात अशा मॅक्रोंसाठी एकेक रेजेक्स लिहिलेला आहे, जो कंसातलं नाव उचलून त्याआधी ‘सिस अंडरस्कोअर’ जोडतो. कोणते शब्द ओलांडायचे त्यांची यादीही तिथेच आहे. मॅक्रो बदलला की तीच माणसं ती यादी बदलतात. प्रकल्पाचं ज्ञान प्रकल्पात राहावं आणि टूलने ते स्वीकारायला दार ठेवावं. हे दार नीट उघडतं की नाही, तेवढे बग टूलचे. एक्झ्युबरंट सीटॅग्जचा फोर्क असलेल्या युनिव्हर्सल सीटॅग्जमध्ये कमांडवरूनच मॅक्रोची व्याख्या देण्याची सोय आहे, ती याच दिशेची.

नोंद पार्सरने नीट लिहिली तरी ती सापडेलच असंही नाही, आणि या गळतीकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. टॅग्ज फाइल क्रमवार लावलेली असते, कारण एडिटर तिच्यात बायनरी सर्च करतो. मधली ओळ बघायची, नाव आधीचं की नंतरचं ते ठरवायचं, अर्धी फाइल सोडून द्यायची. एडिटरची तुलना बाइटनुसार चालते. क्रम लावणारी सॉर्ट कमांड मात्र मशीनवरच्या लोकेलनुसार चालली तर ती लहान-मोठ्या लिपीतला फरक मागे टाकते, अंडरस्कोअर सोडून देते, आणि वेगळाच क्रम लावते. मग नाव फाइलमध्ये डोळ्यांना दिसतं, पण एडिटर चुकीच्या अर्ध्या भागात जातो आणि ‘सापडलं नाही’ म्हणतो. म्हणूनच सॉर्टला हाक मारताना सीटॅग्ज लोकेल ‘सी’वर बांधून टाकतं. एका ओळीची ही काळजी हजारो नावं वाचवते.

मराठी कॉमेंट लिहिणाऱ्यांच्या दृष्टीने आणखी एक बारकावा आहे. ओळीचा पत्ता म्हणून ती ओळच पॅटर्न म्हणून साठवली जाते, आणि मिनिफाय केलेल्या जावास्क्रिप्टसारख्या लांबलचक ओळींमुळे फाइल फुगू नये म्हणून युनिव्हर्सल सीटॅग्ज तो पॅटर्न ९६ वर कापतं. ही मोजणी बाइटांची आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि काना, मात्रा, वेलांटीही वेगळी मोजली जाते, त्यामुळे फंक्शनच्या ओळीवरच मराठी कॉमेंट असेल तर ही मर्यादा फार लवकर गाठली जाते. काप नेमका एखाद्या चिन्हाच्या मधोमध पडला तर फाइलमध्ये तुटके बाइट जातात, आणि काटेकोर यूटीएफ-८ वाचणारा प्रोग्राम त्यावर अडखळतो. म्हणून टूल अशा वेळी चिन्ह पूर्ण होईपर्यंत जास्तीत जास्त तीन बाइट पुढे जातं. इंग्रजीत लिहिणाऱ्याला हा बग जन्मात दिसला नसता. ज्यांची लिपी तीन बाइटांची आहे त्यांनी आपल्या कोडवर टूल चालवून बघणं आणि बिघाड कळवणं म्हणूनच महत्त्वाचं आहे.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा, की अंदाजाने चालणारं टूल दुरुस्त करत बसायचंच कशाला? कंपायलरचं ज्ञान वापरणारी साधनं आहेत. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल आणला. सी आणि सी प्लस प्लससाठी क्लँगडी हा लँग्वेज सर्व्हर आहे, आणि अशी साधनं नावं अचूक सांगतात. हे खरं आहे, आणि ज्याचा प्रकल्प बिल्ड होतो, एकाच कॉन्फिगरेशनमध्ये होतो, त्याने तेच वापरावं. पण कंपायलरची अचूकता एका कॉन्फिगरेशनपुरती असते. एक्स-८६ साठी बांधलेल्या कर्नलमध्ये आर्म-६४ च्या फोल्डरमधल्या फाइली कंपायलरसमोर येतच नाहीत. कर्नलमध्ये अशी वीसच्या आसपास आर्किटेक्चर आहेत, आणि प्रत्येकात ‘कॉन्फिग’ने बंद केलेल्या फांद्या वेगळ्या. शिवाय अर्धवट लिहिलेला कोड, डिपेंडन्सी हरवलेला जुना कोड, नुसता वाचायला उतरवून घेतलेला परका कोड, हे सगळं बिल्ड होण्याआधी वाचावं लागतं. आणि सूची केवळ एडिटरसाठी नसते. ओपनग्रोक, बूटलिनचं एलिक्सिर, झूक्ट यांसारखी कोड शोधणारी साधनं आतून युनिव्हर्सल सीटॅग्जच्याच सूचीचा उपयोग करतात. तिथे शंभराहून अधिक भाषांचा कोड एकाच टूलमधून जातो आणि प्रत्येकाचं बिल्ड मांडणं शक्य नसतं. ट्री-सिटर हे पार्सिंगचं टूल चुकीच्या वाक्यातून सावरण्यात सरस आहे, हे मान्य करायला हवं. पण तेही मॅक्रो उलगडत नाही, त्यामुळे ‘सिस्कॉल डिफाइन थ्री’समोर त्याचीही अडचण तीच. अंदाज टाळता येत नाही. तो किती काळजीने करायचा एवढंच हातात आहे.

दुसरा आक्षेप माझ्या मूळ म्हणण्यावरच आहे. नोंद राहू नये म्हणून टूल सैल केलं तर खोट्या नोंदींचा पूर येईल, आणि दहा जुळण्यांमधून खरी शोधायची म्हणजे ती हरवल्यासारखीच. यात तथ्य आहे, आणि म्हणूनच ‘जे दिसेल ते नोंदवा’ असं मी म्हणत नाही. सी भाषेत प्रोटोटाइपच्या नोंदी मुळात बंद ठेवल्या आहेत, त्या योग्यच, नाहीतर प्रत्येक उडी आधी हेडर फाइलमध्ये गेली असती. नोंदीला प्रकाराचं अक्षर असतं, व्याप्ती असते, आणि त्यांच्या आधारे गाळता येतं. जी नोंद आहे तिला मागाहून गाळता येतं, जी नाहीच तिला मागाहून आणता येत नाही. जिथे खोटी नोंद थेट नुकसान करते, उदाहरणार्थ नाव आपोआप सगळीकडे बदलायचं असेल, तिथे हे टूल वापरूच नये. त्या कामाला कंपायलरच हवा.

तिसरा आक्षेप काम करणाऱ्यांच्या तोंडून येतो. अंदाजावर चालणाऱ्या पार्सरमध्ये इथे दाबलं की तिथे वर येतं, तर या खेळाला अंत कुठे? अंत नाही, पण मागे घसरणं थांबवता येतं. एक्झ्युबरंट सीटॅग्जची ५.८ ही शेवटची आवृत्ती २००९ सालची. त्यानंतर वर्षानुवर्षं पॅच इकडेतिकडे साठत राहिले, आणि त्यातून युनिव्हर्सल सीटॅग्ज हा फोर्क उभा राहिला. मासाताके यामातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पार्सरइतकीच मेहनत टेस्टवर घेतली, हे मला या प्रकल्पाचं सर्वांत मोठं काम वाटतं. ‘युनिट्स’ नावाच्या फोल्डरमध्ये प्रत्येक बगासाठी एक छोटा फोल्डर, त्यात बिघाड दाखवणारी लहानात लहान इनपुट फाइल, आणि शेजारी अपेक्षित टॅग्ज. फोल्डरच्या नावाचा शेवट ‘डॉट डी’ असेल तर ती नेहमीची टेस्ट. ‘डॉट बी’ असेल तर तो माहीत असलेला पण अजून न सुटलेला बग. टेस्ट चालवल्यावर शेवटी येणाऱ्या गोषवाऱ्यात अशा माहीत बगांची संख्या वेगळी येते, आणि त्यातला एखादा कुणाच्या भलत्याच पॅचमुळे सुटला तर तो ‘फिक्स्ड’च्या रकान्यात दिसतो. न सुटलेल्या बगाला अशी जागा देणं म्हणजे गळतीला नाव देणं. ज्याला दुरुस्ती जमत नाही पण बिघाड दाखवणारी सात ओळींची फाइल काढता येते, त्याचंही योगदान इथे पक्कं नोंदलं जातं. पॅचपेक्षा ती सात ओळींची फाइल जास्त दिवस टिकते, कारण पार्सर पुन्हा नव्याने लिहिला तरी ती लागू राहते.

गळतीची टोकाची अवस्था म्हणजे टूल अडकूनच पडणं. एक्झ्युबरंट ५.८ च्या जावास्क्रिप्ट पार्सरमध्ये विशिष्ट फाइल दिली की अनंत चक्र सुरू व्हायचं आणि प्रोसेसर व डिस्क दोन्ही भरत जायचे. हा बग २०१४ साली सुरक्षेचा दोष म्हणून सीव्हीई यादीत नोंदला गेला. परक्याचा कोड वाचणारं टूल कुठल्याही इनपुटवर थांबलंच पाहिजे, ही अट त्यामुळे दुय्यम राहत नाही. युनिव्हर्सल सीटॅग्जमध्ये यासाठी वेगळ्या टेस्ट आहेत. ‘नॉइझ’मध्ये इनपुटमध्ये एखादं अक्षर घुसडतात किंवा काढून टाकतात, ‘चॉप’मध्ये फाइल मध्येच तोडतात, आणि पार्सर कोसळतो का, अडकतो का ते पाहतात.

मला वाटतं याच टेस्ट एक पाऊल पुढे न्यायला हव्यात. अक्षर घुसडल्यावर टूल जिवंत राहिलं एवढं पुरेसं नाही. किती नावं गेली ते मोजायला हवं. अपेक्षित टॅग्ज आधीच शेजारच्या फाइलमध्ये आहेत. घुसडलेल्या अक्षराच्या ओळीपासून खालच्या किती नोंदी गळल्या आणि किती ओळींनंतर पार्सर पुन्हा रुळावर आला, हे दोन आकडे प्रत्येक भाषेच्या पार्सरसाठी काढता येतील. काही गळती न्याय्य असेल, कारण एकटं अवतरणचिन्ह घुसलं तर बहुओळी स्ट्रिंग असलेल्या भाषेत खरा कंपायलरही पुढचं सगळं स्ट्रिंगच मानेल. ते बाजूला काढावं लागेल, आणि कोणती अक्षरं घुसडायची हे भाषेगणिक ठरवावं लागेल. तरीही एखाद्या पॅचने एक बग सुटला पण सावरायला लागणाऱ्या ओळी वाढल्या, तर तो पॅच घेण्याआधी मेंटेनरसमोर तो आकडा असेल. सुरुवात शेलच्या पार्सरपासून करावी. त्याच्या टेस्ट फाइली लहान आहेत, आणि हिअरडॉकमुळे गळती लांबवर जाण्याचा धोका तिथे सगळ्यात जास्त आहे.